गोंडोरने मोठे कोणाला मानले

थोरला मुलगा बोरोमिर रणात पडला आहे. धाकटा फारामिर शत्रूच्या उडत्या स्वारांच्या तावडीतून कसाबसा सुटून नगरात परतला आहे आणि वडिलांसमोर उभा राहून विचारतो आहे, की आम्हा दोघा भावांच्या जागांची अदलाबदल झाली असती तर तुम्हाला बरे वाटले असते का. बाप डेनेथॉर, गोंडोर राज्याचा कारभारी, हो म्हणतो आणि कारणही सांगतो. बोरोमिर माझ्याशी एकनिष्ठ होता, बापाची गरज त्याने ओळखली असती आणि हाती आलेली ती अंगठी मला आणून दिली असती. ही अंगठी म्हणजे शत्रू सौरॉनचे सर्वांत मोठे शस्त्र, वापरणाऱ्यालाच भ्रष्ट करणारे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या 1954-55 साली प्रसिद्ध झालेल्या महाकादंबरीतला हा प्रसंग बहुतेक वाचकांच्या मनात एका कठोर बापाचा प्रसंग म्हणून राहतो. मला मात्र त्यात एका संपूर्ण राज्याची पसंती बोलताना ऐकू येते, कारण डेनेथॉर जे तोंडावर बोलून दाखवतो तेच गोंडोरचे पुष्कळ नागरिक, सैनिक आणि सरदार वर्षानुवर्षे मानत आले होते.

संकटात सापडलेल्या समाजाने कोणत्या प्रकारचा नेता डोक्यावर घ्यावा, हा प्रश्न कल्पित राज्यापुरता मर्यादित नाही, आणि या दोन भावांच्या कथेइतकी त्याची कसून तपासणी मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे. या कथेचा सर्रास लावला जाणारा अर्थ असा, की बोरोमिर शूर पण अविचारी आणि फारामिर सौम्य पण विचारी. हा अर्थ मला अपुरा वाटतो, आणि तो दोघांवरही अन्याय करतो. शौर्यात, बुद्धीत किंवा आपल्या माणसांवरील प्रेमात दोघे एकमेकांना हार जाणारे नाहीत. त्यांना वेगळे करणारी गोष्ट एकच आहे. जिंकण्यासाठीसुद्धा आपण काय करणार नाही, हे फारामिरने मोहाचा क्षण येण्याआधीच ठरवलेले असते आणि बोरोमिरला ते ठरवण्याची गरजच कधी वाटलेली नसते. ती गरज त्याला न वाटण्याला तो स्वतः जितका कारण आहे, त्याहून अधिक कारण त्याच्यावर कौतुकाचा वर्षाव करणारे गोंडोर आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. गोंडोरला राजा नाही. तिसऱ्या युगाच्या 2050 या वर्षी एआर्नूर नावाचा राजा शत्रूने दिलेले द्वंद्वाचे आव्हान स्वीकारून मोजक्या स्वारांसह मिनास मोर्गुलच्या वेशीकडे निघून गेला आणि परत आला नाही. त्याला मूलबाळ नव्हते. आधीही एकदा असेच आव्हान आले होते आणि तेव्हा मार्डिल या कारभाऱ्याने त्याला आवरून धरले होते. दुसऱ्या वेळी तो कोणाला आवरला नाही. तेव्हापासून जवळजवळ हजार वर्षे राज्य कारभाऱ्यांच्या हाती आहे, आणि डेनेथॉर हा त्या मालिकेतला सव्विसावा. कादंबरीच्या परिशिष्टात टॉल्किन बोरोमिरची तुलना नेमकी या एआर्नूरशी करतात. लग्नसंसारात मन नसलेला, शस्त्रांतच रमणारा, निर्भय आणि बलदंड, जुन्या लढायांच्या कथा सोडल्या तर ग्रंथविद्येची फारशी आवड नसलेला असा बोरोमिर होता. ज्या स्वभावाच्या राजामुळे गोंडोरने आपला राजवंश गमावला, त्याच स्वभावाच्या सेनापतीला गोंडोर हजार वर्षांनंतर आपला सर्वोत्तम पुरुष मानते. परिशिष्टातली ही तुलना सहज नजरेतून सुटते, पण दोन भावांच्या नेतृत्वाबद्दल काही म्हणायचे असेल तर सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते.

तरीही बोरोमिरचे मोठेपण आधी नीट मांडले पाहिजे, नाहीतर त्याच्या पडझडीचा अर्थच हरवतो. ऑस्गिलिअथचा शेवटचा पूल लढवताना तो आणि फारामिर शेवटपर्यंत उभे होते. मागे पूल तोडला गेला तेव्हा नदी पोहून जिवंत परतलेले चौघेच होते, हे दोघे भाऊ आणि आणखी दोन सैनिक. ‘तुटलेली तलवार शोधा’ असे सांगणारे स्वप्न फारामिरला वारंवार पडले होते आणि बोरोमिरला एकदाच. पण वाट अनोळखी आणि धोक्याची आहे असे म्हणून थोरल्या भावाने ती कामगिरी स्वतःकडे घेतली. एलरॉन्डचे रिव्हेन्डेल गाठायला त्याला एकशे दहा दिवस लागले, आणि थार्बाडपाशी नदी ओलांडताना घोडाही गमवावा लागला. तिथून अंगठी नष्ट करायला निघालेल्या तुकडीबरोबर तो चालू लागला. काराध्रासच्या घाटात चढण्यापूर्वी प्रत्येकाने जमेल तेवढे सरपण पाठीवर घ्यावे, हा सल्ला त्याचाच. त्या रात्रीच्या हिमवादळात सगळ्यांचा जीव वाचला तो त्या सरपणामुळे. सकाळी छातीएवढ्या बर्फातून अंगाच्या जोरावर वाट फोडणाऱ्या दोघांत तो होता, आणि तुकडीतल्या चिमुकल्या हॉबिटांना, म्हणजे बुटक्या जमातीतल्या सोबत्यांना, पाठीवर घेऊन उतरणाऱ्यांतही तो होता. हे उत्तम नेत्याचे गुण आहेत. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा व्यवहारी अंदाज, अशक्तांची काळजी आणि जे काम इतरांना सांगायचे त्यात पहिला हात स्वतःचा घालण्याची सवय त्याच्यात होती. त्याची माणसे त्याच्यावर जीव टाकत, आणि ते प्रेम त्याने कमावलेले होते.

या नेतृत्वाचे बळ प्रत्यक्ष हजेरीत आहे. बोरोमिर जिथे उभा राहतो तिथे माणसांना धीर येतो. रिव्हेन्डेलहून निघताना गुप्तपणे जायचे आहे हे ठाऊक असूनही तो आपले रणशिंग फुंकतो आणि रात्रीच्या चोरासारखा मी निघणार नाही असे सांगतो. एलरॉन्ड त्याला सावध करतो, पण त्याला ते फारसे पटत नाही. उघड लढाई, उघड नाव आणि उघड विजय हेच त्याच्या दृष्टीने सन्मानाचे असते. म्हणून एलरॉन्डच्या सभेत, आपल्या हाती आलेले सर्वांत मोठे शस्त्र वापरायचे नाही, उलट दोन हॉबिटांच्या हाती देऊन शत्रूच्याच देशात नष्ट करायला पाठवायचे, हा निर्णय त्याच्या गळी उतरत नाही. त्याच्या विरोधामागे नुसता हट्ट नाही. गोंडोरच्या आडोशाने सुखात राहणारे लोक आमची स्तुती पुष्कळ करतात आणि मदत थोडी, असे तो त्याच सभेत म्हणतो, आणि ते खरेच आहे. ज्याच्या घरावर रोज हल्ला होतो त्याला संयमाचे धडे देणे सोपे असते, ही त्याची खंत वाचकाने मनावर घेतली पाहिजे.

फारामिरकडे शौर्य कमी होते असे त्याच्या काळात अनेकांना वाटे, आणि वाचकांपैकीही अनेकांना वाटते. त्याला जुने ग्रंथ आणि संगीत आवडते, तो हळू बोलतो, माणसांची मने वाचतो आणि वाचून त्यांचा तिरस्कार करण्याऐवजी त्यांच्याबद्दल कळवळा बाळगतो. रणभूमीवरचा त्याचा हिशेब मात्र वेगळेच सांगतो. तो नगराच्या तटाआड बसलेला नाही. तो अँडुइन नदीच्या पलीकडे, शत्रूच्या ताब्यात गेलेल्या इथिलिएनच्या जंगलात, हिरव्या-तपकिरी वेशातल्या मोजक्या माणसांना घेऊन गनिमी काव्याने लढतो आहे. धबधब्याच्या पडद्यामागची हेनेथ अन्नूनची गुहा हे त्याचे ठाणे. तिथे प्रत्येक माणूस मोलाचा, कारण गेलेल्याच्या जागी दुसरा येण्याची शक्यता नाही. अशा लढाईत रणशिंगाचा उपयोग नसतो. टेहळणी, वाट पाहण्याची ताकद आणि नेमक्या वेळी घातलेला घाव यांवर सारे अवलंबून असते. नगराचा पहारेकरी बेरेगॉन्ड पिपिन या हॉबिटाला सांगतो, की ग्रंथ आणि गाणी जाणणारा सेनापती रणातही कणखर आणि झटपट निर्णय घेणारा असू शकतो यावर हल्ली लोकांचा चटकन विश्वास बसत नाही, पण फारामिर तसा आहे. माझ्या मते सगळ्या कादंबरीत फारामिरबद्दल केलेले हे सर्वांत अचूक विधान आहे, आणि ते कोण्या ज्ञानी जादूगाराने केलेले नसून एका साध्या सैनिकाने केलेले आहे.

आता दोघा भावांच्या त्या दोन प्रसंगांकडे जवळून पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. अमॉन हेन या टेकडीच्या उतारावर बोरोमिर अंगठी वाहणाऱ्या फ्रोडो या हॉबिटाला एकटा गाठतो. तो सुरुवातीला मायेने बोलतो. मग म्हणतो की खऱ्या मनाची माणसे भ्रष्ट होत नाहीत. आम्ही मिनास तिरिथचे, गोंडोरच्या राजधानीचे, लोक पिढ्यानपिढ्या कसोटीला उतरलो आहोत. आम्हाला जादूगारांची सत्ता नको, न्याय्य कार्यासाठी स्वतःच्या रक्षणापुरते बळ हवे. यातले एकही वाक्य त्याच्या दृष्टीने खोटे नाही. पण बोलता बोलता तो येरझारा घालू लागतो, त्याचा आवाज चढत जातो, तट, शस्त्रे, सैन्यभरती, मोठमोठ्या आघाड्या, सौरॉनच्या मॉर्डोरचा पाडाव असे मनसुबे एकामागून एक उभे राहतात आणि शेवटी तो स्वतःच एक बलाढ्य, दयाळू आणि शहाणा राजा झालेला असतो. समोर फ्रोडो बसला आहे याचे त्याला जवळजवळ भान उरलेले नसते. टॉल्किन यांनी हा उतार पायरीपायरीने दाखवला आहे. ‘आमच्या रक्षणासाठी’ इथून निघालेला माणूस ‘सगळे माझ्या निशाणाखाली येतील’ इथे पोचतो, आणि मधल्या एकाही पायरीवर आपण घसरतो आहोत असे त्याला वाटत नाही. आपली माणसे मुळातच चांगली आहेत, म्हणून आपल्या हातात कोणतेही शस्त्र सुरक्षित आहे, हा त्याचा विश्वासच त्याला खाली नेतो.

हेनेथ अन्नूनमध्ये फारामिरसमोर तीच परीक्षा येते, आणि बाह्य परिस्थिती त्याला अधिक अनुकूल असते. त्याच्याभोवती त्याची शस्त्रसज्ज माणसे आहेत, फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम त्याचे कैदी आहेत, आणि परवानगीवाचून या प्रदेशात सापडेल त्याला ठार मारावे असा हुकूमही त्याच्या हाती आहे. तो हुकूम तो सरसकट अमलात आणत नाही. एका अवघड प्रकरणात न्याय करायचा म्हणून मी वेळ काढतो आहे, असे तो रागावलेल्या सॅमला सांगतो. माणूस असो वा जनावर, गरजेवाचून मी मारत नाही आणि गरज असली तरी आनंदाने मारत नाही, असेही म्हणतो. चौकशी तो आपल्या सगळ्या तुकडीसमोर करतो, पण फ्रोडो काही लपवतो आहे हे लक्षात आल्यावर त्या भागावर चारचौघांत बोट ठेवत नाही. पुढे एकांतात, ती वस्तू काय आहे हे अजून नीट ठाऊक नसताना, तो सांगून टाकतो की ती रस्त्याच्या कडेला पडलेली असली तरी मी उचलणार नाही. मिनास तिरिथ कोसळत असले आणि ते वाचवणे माझ्या एकट्याच्याच हाती असले, तरी शत्रूच्या शस्त्राने मी ते वाचवणार नाही. नंतर सॅमच्या तोंडून चुकून खरी गोष्ट निसटते. फारामिर उठून उभा राहतो, त्याचे डोळे चमकतात, आणि फारामिरला आपली योग्यता दाखवण्याची संधी आली असे तो म्हणतो. फ्रोडो आणि सॅम तलवारीला हात घालतात. मग फारामिर पुन्हा खाली बसतो. आपण आधीच शब्द दिला आहे. तो देताना ती वस्तू कोणती हे ठाऊक नव्हते, तरी तो शब्द मला शपथेसारखा बांधून ठेवील, असे तो म्हणतो.

मोह त्याला होत नाही असे लेखक कुठेही म्हणत नाही. काही संकटांपासून माणसाने पळच काढला पाहिजे इतके आपल्याला कळते, असे फारामिर स्वतःच सांगतो, आणि हे धोका ओळखणाऱ्याचे बोलणे आहे. बोरोमिरने त्या क्षणी स्वतःच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला. फारामिरने त्या क्षणाच्या आधी दिलेल्या शब्दावर ठेवला. नेत्याच्या चांगुलपणाबद्दल आपण फार बोलतो. संकट आल्यावर तो योग्य निर्णय घेईलच, अशी आपली भिस्त असते. पण नगराला आग लागलेली असताना डोके थंड ठेवून मर्यादा आखणे भल्याभल्यांना जमत नाही, हे बोरोमिरसारख्या सच्च्या माणसाच्या उदाहरणाने टॉल्किन यांनी दाखवले आहे. मर्यादा शांतपणी आखलेली असावी लागते आणि ती चार लोकांना ऐकू जाईल अशी बोलून दाखवलेली असावी लागते.

याच मुद्द्यावर या कादंबरीवरच्या 2002 सालच्या ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटाशी माझा मतभेद आहे. चित्रपटातला फारामिर फ्रोडोला कैद करून ऑस्गिलिअथपर्यंत घेऊन जातो, वडिलांना अंगठी देऊन आपली किंमत सिद्ध करू पाहतो आणि तिथे मन बदलल्यावर त्याला सोडून देतो. अंगठीचा मोह सर्वांना होतो असे सांगत आल्यावर एकाने ती सहज नाकारली तर तिची दहशत ओसरेल, अशी चित्रपटकर्त्यांची भूमिका होती. पडद्याची गरज म्हणून ती समजण्यासारखी आहे. मात्र या बदलाने फारामिरचे नेतृत्व बोरोमिरच्याच जातीचे होऊन बसते. दोघेही आधी चुकतात आणि नंतर सावरतात, एवढेच उरते. आधीच दिलेल्या शब्दाने स्वतःला बांधून घेणारा सेनापती, जो लोकांसमोर ठेवण्याची आज खरी गरज आहे, तो त्या चित्रपटातून नाहीसा झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. फारामिरची तत्त्वे ही चैन आहे, तटावर कोणीतरी बोरोमिर उभा असतो म्हणून ती परवडते, असा तो आक्षेप. डेनेथॉरही मुलाला हेच सुनावतो: तुला जुन्या राजांसारखे उदार आणि दयाळू दिसायचे आहे, पण आजच्या प्रसंगात त्या सौम्यपणाची किंमत मृत्यूने मोजावी लागेल. फारामिरचे उत्तर एवढेच, की तसे तर तसे. त्या मृत्यूत आपल्याबरोबर सगळ्या प्रजेचा मृत्यूही येईल, असे बाप पुढे बजावतो, आणि इथे युक्तिवाद खरोखर टोकाला पोचतो. फारामिरने त्याचे उत्तर शब्दांनी दिलेले नाही, कामाने दिले आहे. दुसऱ्या दिवशी ऑस्गिलिअथचा उतार राखण्याचा प्रश्न येतो तेव्हा तो सभेत स्पष्ट सांगतो, की शत्रूला एक सैन्य गमावणे परवडेल, आपल्याला एक तुकडी गमावणेही परवडणार नाही, आणि फळी फुटली तर दूर पाठवलेल्यांची माघार जीवघेणी ठरेल. त्याचे म्हणणे मानले जात नाही. तेव्हा बोरोमिरच्या जागी मी जातो, असे म्हणून तो निघतो. फळी फुटते आणि माघार सुरू होते तेव्हा ती पळापळ होऊ नये म्हणून तो पिछाडीच्या तुकडीबरोबर मागे थांबतो आणि तिथेच जखमी होऊन कोसळतो. चैन म्हणून तत्त्वे बाळगणारा माणूस पिछाडीला थांबत नसतो. फ्रोडोला सोडतानाही, माझ्या या निर्णयाने माझ्या नगराचे वाईट झाले तर माझा जीव न्यायाने जप्त होईल, हे त्याने स्वतःच बोलून दाखवले होते. त्याने घेतलेल्या निर्णयाची किंमत इतर कोणी चुकती करावी अशी त्याची अपेक्षा नव्हती. पटत नसलेला हुकूम त्याने मानला, यात मला त्याची एक मर्यादाही दिसते, कारण त्या हुकमाखाली इतरांचेही जीव गेले. पण तो आपले मत गिळून गेला नाही आणि हुकूम मोडून राज्यात दुफळीही माजवली नाही, हेही त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

हा आक्षेप टॉल्किन यांच्या स्वतःच्या काळानेही त्यांच्यापुढे ठेवला होता. 1916 साली सोमच्या लढाईत ते संदेशवहन अधिकारी होते, आणि 1918 पर्यंत त्यांचे एक सोडून सारे जिवलग मित्र गेले होते. कादंबरीचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिला गेला. इथिलिएनच्या जंगलातून चालत येणारा फारामिर 1944 साली त्यांच्या लेखणीतून उतरला तेव्हा, हा माणूस मी योजला नव्हता, मला तो नकोही होता, पण आता आवडतो, असे त्यांनी मुलाला पत्रातून कळवले. त्याच वर्षी, आपणही अंगठी वापरूनच सौरॉनला जिंकू पाहत आहोत आणि बहुधा जिंकूही, पण त्यातून नवे सौरॉन जन्माला येतील, असेही त्यांनी त्याला लिहिले. ऑगस्ट 1945 मध्ये अणुबॉम्बची बातमी ऐकून ते सुन्न झाले होते. पुढे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, ही कथा प्रत्यक्ष युद्धावर बेतलेली असती तर अंगठी नक्कीच हस्तगत करून सौरॉनविरुद्ध वापरली गेली असती, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे जग बोरोमिरच्या वाटेने चालते याबद्दल लेखकाच्या मनात कोणताही भाबडेपणा नव्हता. ते माहीत असूनच त्यांनी फारामिर लिहिला.

गोंडोरच्या दोषाबद्दल फारामिर फ्रोडोपाशी जे बोलतो ते मला या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचे राजकीय भाष्य वाटते. आमच्या लोकांना आता युद्ध आणि पराक्रम या गोष्टी स्वतःपुरत्याच चांगल्या वाटू लागल्या आहेत, खेळासारख्या आणि साध्यासारख्या. इतर विद्या आणि कसब असलेल्यांपेक्षा आम्ही योद्ध्याला वरचढ मानतो. माझा भाऊ तसा होता आणि म्हणूनच तो गोंडोरचा सर्वश्रेष्ठ पुरुष गणला गेला, असे तो सांगतो. या बोलण्यात भावाविषयी मत्सराचा लवलेशही नाही. लहानपणी बोरोमिर त्याचा पाठीराखा होता, आणि दोघांमध्ये बापाच्या मर्जीसाठी किंवा लोकांच्या स्तुतीसाठी कधीही चढाओढ झाली नाही, असे टॉल्किन मुद्दाम नोंदवतात. फारामिर भावाला दोष देत नाही. कोणत्या गोष्टीला टाळ्या मिळतात याकडे बोट दाखवतो. ज्या समाजात फक्त जिंकण्याला मान आहे, तिथे वाढलेल्या मुलाला ‘कसे जिंकू नये’ हा प्रश्न कोण शिकवणार? डेनेथॉरने शिकवला नाही. दरबाराने शिकवला नाही. बोरोमिरला दिलेली प्रत्येक शाबासकी त्याला अमॉन हेनच्या उताराकडे थोडी थोडी ढकलत होती. स्वतःच्या नगराविषयी फारामिरची इच्छा काय आहे तीही पाहावी. मिनास तिरिथ पुन्हा सुंदर, शांत आणि जुन्या वैभवात दिसावे, पण अनेक दासांची स्वामिनी म्हणून नव्हे, आणि खुशीने दास झालेल्यांची प्रेमळ स्वामिनी म्हणूनसुद्धा नव्हे. शेवटची अट त्याने फार विचारपूर्वक घातली आहे. दयाळू आणि शहाणा राजा होण्याचे बोरोमिरचे स्वप्न ती अट नेमके नाकारते.

सत्तेकडे पाहण्याची दोघांची नजर लहानपणापासूनच वेगळी होती. राजा परतला नाही तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतके लागतात, असे बोरोमिरने पोरवयात वडिलांना विचारले होते. कमी प्रतिष्ठेच्या राज्यात थोडी वर्षे पुरतील, गोंडोरमध्ये दहा हजार वर्षेही पुरणार नाहीत, असे उत्तर त्याला मिळाले. पादुका गादीवर ठेवून नंदिग्रामातून राज्य चालवणाऱ्या भरताची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला या प्रश्नातली अस्वस्थता समजावून सांगावी लागणार नाही. फारामिरला तो प्रश्न पडत नाही. बापाच्या मृत्यूनंतर आणि स्वतः बरा झाल्यावर तो कारभार हाती घेतो तो थोड्या दिवसांसाठी, आपल्या जागी येणाऱ्याची तयारी करून ठेवण्यासाठी. अ‍ॅरागॉर्न हा राजवंशाचा वारस वेशीपाशी येतो तेव्हा फारामिर आपला पांढरा दंड त्याच्यापुढे धरून पद सोडण्याची परवानगी मागतो. दंड त्याला परत मिळतो, पद त्याच्या वंशाकडे राहते, आणि त्यानंतर तो जमलेल्या लोकांकडे वळून विचारतो, की या माणसाने राजा व्हावे, नगरात यावे आणि इथे राहावे का. हक्क निर्विवाद असतानाही, आणि लढाई जिंकून आलेला राजा समोर उभा असतानाही, प्रजेला विचारल्याशिवाय दार उघडत नाही, ही कारभाऱ्याची शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी कामगिरी आहे.

बोरोमिरच्या मृत्यूकडे मी पराभव म्हणून पाहत नाही. फ्रोडोवर हात टाकल्यानंतर काही क्षणांतच तो भानावर येतो, रडतो, तळावर परततो, आणि मेरी आणि पिपिन या दोघा हॉबिटांच्या मागे जा असे अ‍ॅरागॉर्नने सांगताच एक शब्द न बोलता जातो. त्यांच्यासाठी तो अंगात बाण रुतेपर्यंत लढतो. मरताना केलेली चूक लपवत नाही, आणि माझ्या लोकांना वाचव एवढेच मागतो. तू जिंकलास, असे अ‍ॅरागॉर्न त्याला सांगतो, आणि ते सांत्वनापुरते नाही, कारण आज्ञा घेणे आणि अंगठीशिवाय लढणे या दोन्ही गोष्टी त्याला त्या अखेरच्या तासात जमल्या. मात्र गोंडोरला त्याच्या या विजयाची खबर नव्हती. दुभंगलेले रणशिंग पाण्यावरून वाहत आले तेव्हा डेनेथॉरने ते मांडीवर घेऊन आपला जिंकणारा मुलगा गेला म्हणून शोक केला.

फारामिरचा निर्णय बरोबर ठरला तो शेवटी अंगठी नष्ट झाली म्हणून, असे कोणी म्हणेल. पण त्याने फ्रोडोला निरोप दिला तेव्हा हेतू साधण्याची आशा त्याला जवळजवळ नव्हती. किरिथ उंगोलची वाट भयानक आहे आणि वाटाड्या गॉलम दगा देईल, असे त्याने बजावले होते. आपली पुन्हा भेट होईल असे त्याला वाटत नव्हते. तरीही त्याने शिधा दिला, हाती काठ्या दिल्या आणि त्यांना जाऊ दिले. फ्रोडो त्या घाटात मेला असता आणि मिनास तिरिथ पडले असते तरी फारामिरने त्या रात्री केलेले काम योग्यच ठरले असते, असे मी मानतो, आणि ज्यांना ते मान्य नाही त्यांनी अमॉन हेनवरच्या बोरोमिरला नेमक्या कोणत्या वाक्यावर थांबवले असते, हे सांगितले पाहिजे.